प्रश्न वाचकांचे : एकच आकडा, दोन अर्थ

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून या महिन्यासाठी तीन पत्रे निवडली आहेत. तिघांचेही प्रोग्राम चालतात, आणि तरीही तिघेही अडले आहेत. म्हणून ही पत्रे एकत्र घ्यावीशी वाटली. पहिल्या पत्रासोबत पूर्ण कोड जोडलेला असल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका गावात राहतो आणि बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या सोयाबीन, तूर आणि हरभरा विक्रीचा हिशोब करण्यासाठी मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. आमचा नेहमीचा व्यापारी १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालवून घेत असे आणि त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कडता धरत असे. यंदा सोयाबीन दुसऱ्याला दिले. त्याची मर्यादा १० टक्के आहे. मी फाईलमधले सगळे १२ एकाच वेळी बदलून १० केले. माल ११८० किलो, ओलावा १४ टक्के आणि भाव ४,३०० रुपये होता. प्रोग्रामने ४८,५९२ रुपये ४० पैसे दाखवले, तर बाबांच्या हातातल्या पट्टीवर, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेल्या हिशोबाच्या पावतीवर, ४८,५६८ रुपये ८० पैसे होते. बाबांनी विचारले, "यात तुयं चुकलं का त्याचं?" मला उत्तर देता आले नाही. आमचे सर म्हणतात की माझा कोड अस्वच्छ आहे. स्वच्छ कोड म्हणजे नेमके काय आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी बाबांच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. दोन्ही रकमांत २३ रुपये ६० पैशांचा फरक आहे आणि माल ११ क्विंटल ८० किलो आहे. म्हणजे फरक क्विंटलमागे बरोबर दोन रुपयांचा पडतो. तुमच्या कोडमध्ये हमालीचा दर क्विंटलला १२ रुपये होता. ओलाव्याचे १२ बदलताना हमालीचे १२ सुद्धा १० झाले. व्यापाऱ्याची पट्टी बरोबर आहे, हे बाबांना अवश्य सांगा.

आता हे असे का झाले, ते पाहा. ओलाव्याची मर्यादा आणि हमालीचा दर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. त्या हंगामात दोन्ही आकडे योगायोगाने सारखे होते, इतकेच. हा भेद तुमच्या डोक्यात पक्का होता, पण तो कोडमध्ये कुठेच उतरला नव्हता, आणि फाईलमधले आकडे बदलणाऱ्या एडिटरला तुमच्या डोक्यातले कळण्याचा काही मार्ग नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीला या दोन ओळी असत्या, तर ही चूक घडलीच नसती :

ओलावा_मर्यादा = १२

हमाली_प्रति_क्विंटल = १२

पुढे सगळ्या हिशोबात आकडा न लिहिता ही नावेच वापरायची. मर्यादा बदलली की एकच ओळ बदलायची. हमालीला हात लागण्याचा प्रश्नच येत नाही. मी स्वच्छ कोडची ओळख याच गोष्टीने करून देते : हिशोबातली प्रत्येक बाब कोडमध्ये एकाच ठिकाणी लिहिलेली असावी आणि तिथे तिला तिचे स्वतःचे नाव असावे. ओळींमधली मोकळी जागा, चार स्पेसचे अंतर, ओळीची लांबी यांचेही नियम आहेत. पायथनसाठी ते 'पेप ८' या नावाने २००१ पासून लिहून ठेवलेले आहेत आणि ते पाळावेत. पण तुमचा कोड त्या नियमांत चोख बसवला असता, तरी हे २३ रुपये ६० पैसे चुकलेच असते.

तुमच्या फाईलमधली 'अ', 'ब', 'क', 'क२', 'टोटल', 'टोटल_नवा' ही नावे मी दोनदा वाचली, आणि 'क२' म्हणजे कडता वजा केल्यानंतरचे वजन आहे हे कळायला मला कागद-पेन घ्यावे लागले. तिथे 'निव्वळ_वजन_किलो' असे लिहा. नाव लांब झाले तरी चालेल. नावात 'किलो' का, तर आपल्याकडे काट्यावर वजन किलोत होते आणि भाव क्विंटलचा असतो, आणि नुसत्या 'वजन' या शब्दाला हा फरक दाखवता येत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत धान्यसाठ्याच्या एका प्रोग्राममध्ये मी हीच चूक केली होती. मी लिहिलेल्या भागात 'वजन' किलोत होते, सहकाऱ्याच्या भागात 'वजन' क्विंटलमध्ये होते, आणि महिनाअखेरीच्या अहवालात गोदामातला साठा शंभरपट दिसला. शंभरपट चूक निदान डोळ्यांत भरते. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने मंगळाकडे पाठवलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी गमावले गेले, त्यामागेही एककांचीच गफलत होती : एका सॉफ्टवेअरने इंजिनाच्या धक्क्याचे माप पाउंड-सेकंदांत दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. तिथला फरक साधारण साडेचारपट होता आणि यान मंगळापर्यंतच्या नऊ महिन्यांच्या वाटेवर असताना तो सुधारला गेला नाही. एकक नावातच लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्या.

यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती तुमच्या पत्रात नाही, कारण ती अजून तुमच्या लक्षात आलेली नसावी. सोयाबीनचा हिशोब लिहून झाल्यावर तुम्ही तोच भाग तुरीसाठी आणि हरभऱ्यासाठी कॉपी-पेस्ट केला आहे. सोयाबीनच्या भागात एक अट आहे : ओलावा मर्यादेपेक्षा कमी असेल तर कडता शून्य धरावा. ही अट तुम्ही बहुधा कॉपी केल्यानंतर, एखादे उत्तर चुकल्यावर घातली असणार, कारण हरभऱ्याच्या भागात ती नाही. वाळलेला, ९ टक्के ओलाव्याचा हरभरा त्या प्रोग्रामला देऊन पाहा. ९ मधून मर्यादा वजा केली की उत्तर ऋण येते, ऋण कडता वजनातून वजा केला की वजन वाढते, आणि पोत्यात नसलेल्या हरभऱ्याचे पैसे कागदावर दिसू लागतात. कॉपी केलेल्या कोडचे असेच होते. पहिल्या दिवशी तिन्ही भाग सारखे असतात. पुढे एका भागाची दुरुस्ती होते आणि बाकीचे दोन तसेच राहतात.

यावर उपाय म्हणजे फंक्शन, म्हणजे एकदा लिहून नाव दिलेला आणि हवा तिथे त्या नावाने वापरता येणारा कोडचा तुकडा. 'कडता_किलो' नावाचे एक फंक्शन लिहा, त्याला वजन, ओलावा आणि मर्यादा द्या, आणि त्याने कडता किती किलो, एवढेच परत द्यावे. त्याने कीबोर्डवरून काही विचारू नये आणि स्क्रीनवर काही छापू नये. तुमच्या सध्याच्या कोडमध्ये विचारणे, मोजणे आणि छापणे एकमेकांत गुंतलेले आहे, आणि म्हणून एकटा कडता तपासायचा असला तरी शेतकऱ्याच्या नावापासून सगळी माहिती पुन्हा टाईप करावी लागते. मोजणारा भाग वेगळा काढला की तो एकटा तपासता येतो, आणि सोयाबीन, तूर, हरभरा या तिन्हींसाठी तोच वापरता येतो.

मात्र एक सावधगिरी बाळगा, कारण फंक्शनची गोडी लागली की नवखा विद्यार्थी दिसेल ते दिसेल त्यात कोंबू लागतो. दोन ठिकाणचा कोड सारखा दिसतो, एवढ्यावरून तो एकत्र करू नये. आधी स्वतःला विचारावे : उद्या यातला एक नियम बदलला, तर दुसराही बदलावाच लागेल का? कडता मोजण्याची रीत तिन्ही पिकांना एकच आहे, म्हणून फंक्शन एक. ओलाव्याची मर्यादा मात्र पिकागणिक आणि व्यापाऱ्यागणिक बदलू शकते, म्हणून ती फंक्शनच्या पोटात न ठेवता बाहेरून द्यावी. हमालीचा १२ आणि ओलाव्याचा १२ यांच्याबाबत तुम्ही जी चूक केलीत, तिचेच हे मोठे रूप आहे.

सुरुवात कुठून करावी, याचेही उत्तर देते. कोडला हात लावण्याआधी घरातल्या जुन्या पाच-सहा पट्ट्या शोधून काढा. प्रत्येक पट्टीवरचे वजन, ओलावा, भाव आणि हाती आलेली रक्कम एका वेगळ्या फाईलमध्ये लिहा, आणि हे आकडे प्रोग्रामला देऊन त्याचे उत्तर पट्टीशी जुळते का हे तपासणाऱ्या चार ओळी लिहा. त्या पट्ट्यांत एक माल बरोबर मर्यादेइतक्या ओलाव्याचा असावा आणि एक मर्यादेच्या खालचा, कारण चुका बहुतेक वेळा काठावरच सापडतात. पट्टीवरची रक्कम पूर्ण रुपयांत असेल, तर आणखी एक गोष्ट दिसेल : पायथन ३ मध्ये 'राउंड' या फंक्शनला २.५ दिले तर उत्तर २ येते आणि ३.५ दिले तर ४ येते, कारण बरोबर मध्यावर असलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेते. अडत दुकानातला मुनीम असे करत नाही. पट्टीशी ताडून पाहिले नसते, तर हे तुम्हाला वर्षानुवर्षे कळले नसते.

ही तपासणी तयार झाल्यावर एका वेळी एकच बदल करा : एक नाव सुधारा, तपासणी चालवा, एका आकड्याला नाव द्या, तपासणी चालवा. तुमची फाईल ३४० ओळींची आहे. रोज अर्धा तास दिला तर काम पंधरवड्यात आटोपेल, आणि मधल्या कोणत्याही दिवशी लाईट गेली तरी प्रोग्राम चालत्या अवस्थेतच राहील. एका रात्रीत सगळे नव्याने लिहायला बसू नका.

प्रश्न : मॅडम, मी रिसोड तालुक्यातून लिहीत आहे. शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे, घरी संगणक नाही, मोबाईलवर पायथन शिकते. इंग्रजीची भीती वाटते म्हणून व्हेरिएबलची नावे मराठीत देते आणि ती चालतात. पण 'पऱ्हाटी_क्विंटल' हे नाव एका फाईलमध्ये चालते आणि दुसऱ्या फाईलमध्ये तेच नाव लिहिले की एरर येतो. माझी मैत्रीण म्हणते की मराठी नावे देणेच चूक आहे. तिचे खरे आहे का?

उत्तर : चूक नाही. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून नावे देवनागरीत लिहिण्याची मुभा भाषेनेच दिलेली आहे. 'इफ', 'फॉर', 'रिटर्न' यांसारखे भाषेचे स्वतःचे शब्द तेवढे इंग्रजीतच राहतात, आणि कोडमध्ये लिहिलेले आकडेही इंग्रजीच लागतात; वरच्या उत्तरात १२ हा आकडा देवनागरीत आहे तो केवळ छापण्यापुरता. गंमत अशी की प्रोग्राम चालू असताना कोणी '१२' असे देवनागरीत टाईप केले आणि तुम्ही ते 'इंट' या फंक्शनला दिले, तर पायथन ते बिनतक्रार १२ म्हणून वाचते. गावातल्या मंडळींसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही सोय फार उपयोगी आहे.

तुमच्या 'पऱ्हाटी'चा घोटाळा त्यातल्या अर्ध्या 'र'मध्ये आहे. हे अक्षर दोन प्रकारे टाईप होते. एका प्रकारात 'ऱ' हे वेगळे अक्षर, त्याला हलंत आणि पुढे 'ह' असे येते. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण नावात ते अदृश्य चिन्ह पायथनला चालत नाही. तुम्ही दोन फाईलींसाठी दोन वेगळे कीबोर्ड वापरले असावेत. एररमधल्या मजकुरात न छापता येणाऱ्या अक्षराचा उल्लेख असेल, तर हेच कारण समजा. तोवर 'कापूस_क्विंटल' हे नाव निर्धोक आहे, जरी 'पऱ्हाटी' हा शब्द मलाही अधिक जवळचा वाटतो.

मराठी नावांत याहून मोठी अडचण शुद्धलेखनाची आहे. 'किंमत' एकदा अनुस्वारासह आणि एकदा अनुस्वाराविना, 'हिशोब' एका ठिकाणी आणि 'हिशेब' दुसऱ्या ठिकाणी, असे झाले की पायथनच्या लेखी ती दोन वेगळी नावे होतात. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांना तर हा त्रास जास्तच होतो, कारण 'भाव' लिहिताना एकदा एक 'ए' पडतो आणि एकदा दोन. म्हणून फाईलच्या सुरुवातीला नावांची एक छोटी यादी करा, प्रत्येक नाव म्हणजे काय आणि कोणत्या एककात, हे लिहा, आणि पुढे टाईप न करता ते नाव त्या यादीतूनच उचला.

तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते असे. पुढे पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करताना तुमचा कोड मराठी न जाणणारे लोकही वाचतील, आणि तिथे नावे इंग्रजीत द्यावी लागतील. पण आज तुम्ही शिकत आहात. मराठीतले नेमके नाव आणि इंग्रजीतले अर्धवट समजलेले नाव यांत निवड करायची असेल, तर मी मराठी नाव निवडेन. विचार नेमका असला की पुढे शब्द बदलणे सोपे जाते. 'अडत', 'कडता', 'हमाली' हे शब्द तर इंग्रजी कोडमध्येही तसेच ठेवावेत आणि त्यांचा अर्थ वर लिहावा, कारण त्यांच्यासाठी ओढूनताणून शोधलेला इंग्रजी शब्द वाचणाऱ्याला आणखी गोंधळात टाकतो.

प्रश्न : महोदया, मी आर्वी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब ठेवणारा एक प्रोग्राम माझ्या आधीच्या गुरुजींनी लिहिला होता; त्यांची आता बदली झाली आहे. मी स्वतः नुकतेच पायथन शिकलो. कोड मला नीट कळत नाही, म्हणून सगळा नव्याने लिहावा असे वाटते. त्यात एक ओळ अशी आहे : बाकी ०.०००१ पेक्षा कमी असेल तर बाकी शून्य करावी. तिच्यासमोर 'हे काढू नका' अशी कॉमेंट आहे, पण कारण दिलेले नाही. ही ओळ काढली तर चालेल का?

उत्तर : सर, आधी गुरुजींना एक फोन करा. ज्याने लिहिले तो माणूस फोनवर मिळत असताना त्याच्या कोडचा अर्थ अंदाजाने लावत बसण्याचे कारण नाही. नव्याने लिहिण्याचा विचार मात्र सध्या बाजूला ठेवा. या प्रोग्रामवर काही वर्षांचे तांदळाचे हिशोब झालेले आहेत, आणि त्यात जागोजागी केलेल्या लहान लहान दुरुस्त्यांना कारणे असणार. नव्या कोडमध्ये त्या सगळ्या अडचणी तुम्हाला एकेक करून पुन्हा भेटतील.

त्या ओळीचे कारण मला बऱ्याच अंशी दिसते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ धरतात. गुरुजींनी हे किलोत, म्हणजे ०.१ आणि ०.१५ असे लिहिले असावे. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि तिथे ०.१ हा आकडा नेमका मावत नाही, जसा एक-तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत मावत नाही. पायथनमध्ये ०.१ गुणिले ३ केले तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. पोते संपले तेव्हा बाकी शून्य दिसण्याऐवजी असा एखादा सूक्ष्म आकडा, कधी ऋण चिन्हासह, दिसला असणार, आणि तो झाकण्यासाठी ही ओळ आली. कॉमेंटमध्ये 'हे काढू नका' याऐवजी 'अपूर्णांकाच्या चुकीमुळे पोते संपल्यावर बाकी शून्य येत नाही, म्हणून' एवढे लिहिले असते, तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते. ओळ काय करते हे कोड सांगतोच. ती का आहे, हे कॉमेंटने सांगायचे असते.

पण ती ओळ निर्दोष नाही. बाकी ०.०००१ पेक्षा कमी म्हणजे ऋण पाच किलो सुद्धा कमीच. हजेरी चुकून जास्त पडली किंवा पोत्याची आवक नोंदवायची राहिली आणि हिशोबात तांदूळ खरोखर पाच किलो कमी पडला, तरी हा प्रोग्राम शून्य दाखवून मोकळा होईल.

म्हणून असे करा. आधी फाईल जशी आहे तशी जपून ठेवा. 'फायनल', 'फायनल२' अशा प्रती करत बसण्यापेक्षा गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन शिका. त्यातली नोंद आपल्याच संगणकावर होते, तिला इंटरनेट लागत नाही, आणि कोणत्याही जुन्या दिवसाचा कोड परत काढता येतो. मग किलोऐवजी सगळा हिशोब पूर्ण ग्रॅममध्ये करा : १०० आणि १५०, ५० किलोचे पोते म्हणजे ५०,००० ग्रॅम. पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीत पायथन चूक करत नाही. किलोत रूपांतर फक्त छापताना करा. त्यानंतर मागच्या तीन महिन्यांची नोंदवही जुन्या आणि नव्या कोडवर चालवून रोजची बाकी शेजारी शेजारी ठेवा. उत्तरे जुळली तर ती ओळ काढून पुन्हा एकदा चालवा. आता एखाद्या दिवशी ऋण बाकी दिसली, तर कोड सोडा आणि त्या तारखेचे हजेरीपत्रक व तांदळाच्या आवकेची पावती उघडून बसा.